जांभळ्या साडीचं वाण

माणसाने क्षमा करावी, असं मला बरेच जण सांगतात. सांगणाऱ्यांचं बहुतेक वेळा कुणी काही बिघडवलेलं नसतं. माझं एका बाईने बिघडवलं होतं. मी तिला क्षमा केली नाही, आणि जे केलं ते माझ्या शिलाई मशीनवर बसून, दिवसाढवळ्या, खिडकी सताड उघडी ठेवून केलं.

मी जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवते. बाहेरून साडी, आतून तांदळाची गोणी, पट्ट्याला कुणाच्या तरी जुन्या जीन्सचा पाय. इंद्रलोक वस्तीतल्या एका बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर आमचं घर आहे आणि पुढच्या खोलीत खिडकीला लागून मशीन आहे. त्यामुळे बिल्डिंगमध्ये कोण आलं, कोण गेलं, कोण कुणाशी बोलेनासं झालंय, हे मला मशीनवरचा पाय न थांबवता कळतं. नवरा स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशच्या कामाला होता. तो असेपर्यंत पिशव्या हा माझा फावल्या वेळचा उद्योग होता. 'तुझं ते चिंध्यांचं ऑफिस' म्हणायचा. एका सकाळी बूट घालायला खुर्चीत बसला तो उठलाच नाही. त्यानंतर त्या चिंध्यांनीच मला सांभाळलं. आता आमच्या इथल्या केबिन रोडच्या दुकानांतही माझ्या पिशव्या टांगलेल्या असतात.

माल मला बोहारणी आणून देतात. डोक्यावर भांड्यांची टोपली घेऊन त्या बिल्डिंगी फिरतात, जुने कपडे घेतात आणि बदल्यात स्टीलचं भांडं देतात. ते कपडे बाजारात विकायला जाण्याआधी माझ्या दाराशी टोपली उतरवतात, चहा पितात आणि गाठोडं सोडतात. मला हव्या त्या साड्या मी काढून घेते. सोड्याच्या गरम पाण्यात भिजवायच्या, गच्चीवर वाळवायच्या, काठ ब्लेडने सोडवून घ्यायचे आणि मधलं कापड हाताने टरकवायचं. कात्री लावायची नाही. साडी धाग्याच्या रेषेत सरळ फाटते, कात्री हात नेईल तशी वाकडी जाते. साडी जिवंत बाईची की गेलेल्या बाईची, हे मी सहसा विचारत नाही.

आता ती बाई. तिचा नवरा सोसायटीचा सेक्रेटरी. सह्या तो करायचा, बाकी सगळं ती. पाण्याची मोटर कधी लावायची इथपासून गणपतीच्या आरतीला पुढे कुणी उभं राहायचं इथपर्यंत तिचा हुकूम चाले. तोंडावर तिला सगळे वहिनी म्हणत आणि मागे सेक्रेटरीणबाई. संक्रांतीनंतर सोसायटीच्या हॉलमध्ये हळदीकुंकू व्हायचं तेही तिच्याच देखरेखीखाली. माझा नवरा गेल्यानंतरच्या पहिल्याच जानेवारीत तिने वाणाच्या पिशव्यांची ऑर्डर मला दिली. 'तुम्हालाही तेवढाच हातभार,' असं चार बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. मला ते खटकलं, पण काम होतं. मी मन लावून केलं.

पिशव्या घेऊन मी हॉलमध्ये गेले तेव्हा बायका खुर्च्यांवर बसल्या होत्या. शेजारच्या विंगमधल्या एकीने माझा हात धरून मला शेवटच्या खुर्चीवर बसवलं. 'बसा हो, आता कोण मानतं असलं?' म्हणाली. मी बसले, कारण खरं सांगायचं तर मला बसावंसं वाटलं. नवरा असताना दर वर्षी मी त्या हॉलमध्ये बसले होते, तिळगूळ खाल्ला होता, लाजत लाजत नाव घेतलं होतं. सेक्रेटरीणबाई करंडा घेऊन रांगेने येत होती. माझ्या शेजारणीला हळदीकुंकू लावलं. मग तिचं बोट पुन्हा कुंकवात बुडालं, माझ्या कपाळासमोर आलं आणि तिचं माझ्या तोंडाकडे लक्ष गेलं. बोट तसंच मागे गेलं आणि तिने ते करंड्याच्या काठावर पुसलं. 'तुम्ही जरा बाहेर थांबता का?' ती म्हणाली. 'पिशव्या दारातूनच द्या, म्हणजे आत गर्दी होणार नाही.' गर्दी! निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

मी उठले आणि दारात उभी राहून एकेकीला पिशवी दिली. प्रत्येकीने पिशवीचं कौतुक केलं, माझ्या डोळ्यांकडे मात्र एकीनेही पाहिलं नाही. हात धरून बसवणारीनेही नाही. घरी येऊन मी रडलेबिडले नाही. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. ते पुसलेलं बोट मला पुढे कितीतरी दिवस दिसत राहिलं, भाजी चिरताना, सुईत दोरा ओवताना, कधीही.

दुसऱ्या दिवशी ती खिडकीशी आली. 'मनावर घेऊ नका हं. आमचं काही नसतं हो असलं. पण सासूबाई आहेत ना घरात, त्यांना नाही चालत.'

त्या सासूबाई म्हणजे आमच्या काकी. रत्नागिरीकडच्या, माझ्या माहेरच्या मुलखातल्या. रोज संध्याकाळी लिफ्टने खाली येऊन माझ्या खिडकीसमोरच्या बाकावर बसायच्या. मी मशीन चालवायची, त्या बोलायच्या. काकीही विधवा, आणि माझ्यापेक्षा कितीतरी आधीपासून. मी रागाच्या भरात त्यांनाच विचारलं, 'काकी, मी तुम्हाला चालत नाही का?' त्यांना आधी काही समजेना. मी सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला.

'माझ्या नावावर खपवलान होय? अगो, मलाच त्या दिवशी आतल्या खोलीत बसवून दार लोटून घेतलान! म्हणाली, हॉलात जायच्या आधी बायका आपल्याकडे जमतायत, तुम्ही टीव्ही बघा. आणि आवाज बारीक ठेवा म्हणाली.'

आणि त्या हसायला लागल्या. मला हसू येईना. म्हातारीला खोलीत कोंडायचं आणि वर तिच्याच नावाने दुसरीला दाराबाहेर काढायचं, ही हुशारी मला सहन होईना. काकी म्हणाल्या, 'सोड गो. मी सोडलंय.' त्यांनी सोडलं असेल. मी त्यांच्याही वाटचं धरून ठेवलं.

काकींची एक साडी होती. जांभळी, बारीक चौकड्यांची, हिरव्या काठांची सुती साडी. लेकीने आपल्या पहिल्या पगारातून घेतलेली. ही लेक लग्न होऊन घोडबंदरला गेलेली. तिला आम्ही सगळ्या ताई म्हणतो. एकदा काकी तिच्याकडे राहायला गेल्या असताना ताईंनीच साडीला इस्त्री करताना पदर जाळला, चांगलं भोक पडलं. काकी साडी घेऊन माझ्याकडे आल्या. मी हिरव्या कापडाचं एक पान कातरून त्या भोकावर ठिगळ लावून दिलं. ते पान त्यांना इतकं आवडलं, की पुढे त्या पदर मुद्दाम ते दिसेल असा घ्यायच्या. 'मी गेले की ही लेकीला जायची,' असं बाकावर बसून कितीदा तरी म्हणायच्या. 'सुनेला सांगून ठेवलंय मी.'

पुढेही दर जानेवारीत मी पिशव्या शिवून दारातूनच देत राहिले. मग काकी गेल्या, झोपेतच. सेक्रेटरीणबाईने व्हॉट्सअॅपवर त्यांचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'सासू नव्हे, माझी आई.' हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागली. दिवसकार्य आटोपल्यावर ताई निघाल्या तेव्हा नणंद-भावजया गेटजवळ उभ्या होत्या आणि मी खिडकीत होते. ताई म्हणाल्या, 'वहिनी, आईची ती जांभळी साडी तेवढी मला दे.'

सेक्रेटरीणबाईने ताईंचे दोन्ही हात हातात घेतले. 'ताई, दुसरं काहीही मागा. ती मी माझ्याजवळ ठेवलीय. कपाट उघडलं की पहिली तीच दिसते. आई जवळ असल्यासारखं वाटतं हो.' ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी भावजयीला मिठी मारली आणि तशाच बसस्टॉपकडे गेल्या. मलासुद्धा क्षणभर वाटलं, की आपण या बाईला उगाच इतकी वाईट समजतो.

पुढच्या जानेवारीत तिने हळदीकुंकू केलं नाही. घरात वर्षाच्या आतलं मरण होतं आणि तेवढी जनाची लाज तिला होती. वर्षश्राद्ध झालं. त्यानंतरच्या दिवाळीत, घराघरांतली साफसफाई चालू असताना, माझी नेहमीची बोहारीण आली. तिने गाठोडं सोडलं. वरच्या पॉलिस्टरच्या साड्यांखाली जांभळा रंग दिसला म्हणून मी ओढून काढली. पदरावर माझंच हिरवं पान होतं.

'ही कुठनं आणलीस?'

'तुमच्याच बिल्डिंगमधनं, बेन. चौथा माळा, ती सेक्रेटरीवाली. एवढा गाठोडा कपडा दिला आणि इडलीचा भांडा घेतला. तो पण मोठावाला पाहिजे बोलून किती डोका खाल्ला माझा! का, खराब हाय काय?'

'नाही,' मी म्हणाले. 'चांगली आहे. ठेव इथं.'

ती गेल्यावर मी साडी मांडीवर घेऊन बसले. तिला अजून काकींच्या खोबरेल तेलाचा वास येत होता. म्हणजे कपाटात पहिली दिसणारी ही साडी कुणी एकदा धुवूनसुद्धा ठेवली नव्हती. जशी अंगावरून उतरली तशी कुठेतरी कोंबली होती. मला काकींची आठवण आली आणि रडू फुटलं. आणि रडता रडता माझ्या लक्षात आलं, की मला बरं वाटतंय. ती बाई माझ्या तावडीत सापडली होती.

साडी होती तशी ताईंना नेऊन देता आली असती. घोडबंदर काही लांब नाही. मी ते मनातल्या मनात करून पाहिलं. ताई रडल्या असत्या, त्यांनी फोन लावला असता, आणि सेक्रेटरीणबाई म्हणाली असती, 'अगबाई, चुकून गाठोड्यात गेली वाटतं! मी इकडे घरभर शोधतेय.' ताई स्वभावाने साध्या, त्यांनी विश्वास ठेवला असता. सगळं गोडीगुलाबीने मिटलं असतं. मला ते मिटायला नको होतं. मी साडी धुतली, तिची घडी केली आणि ट्रंकेत ठेवून दिली.

जानेवारी लागताच सेक्रेटरीणबाई दारात हजर झाली.

'या वर्षी काहीतरी वेगळं करा हं. सगळ्या विचारतील, कुठून घेतल्या म्हणून. आणि मला एक मोठी, खास. करंडा, तिळगुळाचा डबा, सगळं तिच्यात ठेवून फिरता येईल अशी.'

'रंग कुठला करू?'

'तुम्हाला आवडेल तो. तुमची चॉइस छान असते.'

'मग जांभळा करते.'

'अगदी! जांभळा मला खुलतो. आणि पिशव्या दारातच द्या हं, नेहमीसारख्या.'

नेहमीसारख्या. आता घरात सासूबाई नव्हत्या. आता नक्की कुणाला चालत नव्हतं, ते मी विचारलं नाही. त्या एका शब्दाने माझ्या मनात जो काही किंतु उरला होता तोही गेला, आणि ती लिफ्टपर्यंत पोचायच्या आत मी ट्रंक उघडली.

काकी तिच्यासमोर वर्षानुवर्षं ती साडी नेसून वावरल्या होत्या. पण तिने त्यांच्याकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं, याची मला खात्री होती. माझा सगळा बेत त्या एका खात्रीवर उभा होता. साडी टरकवताना आवाज झाला तेव्हा माझा हात जरा अडखळला. 'काकी, रागावू नका,' मी मोठ्याने म्हणाले आणि पुढे फाडली. सगळ्या पिशव्या मी इतर साड्यांच्या केल्या, मात्र प्रत्येकीवर बाहेरून एक जांभळा खिसा लावला. पदर मोठ्या पिशवीसाठी ठेवला. ती खांद्याला लावली की हिरवं पान बरोबर समोरच्याच्या डोळ्यांत भरेल, अशा बेताने ते पुढच्या बाजूला मधोमध घेतलं. इतकं सुबक काम मी आजवर केलं नव्हतं. एकही टाका उसवावा लागला नाही. मग ताईंना फोन केला. 'ताई, या वर्षी हळदीकुंकवाला या हं. तुमच्यासाठी पिशवी बाजूला ठेवलीय.' त्या म्हणाल्या, आई गेल्यापासून नको वाटतं, पण तुम्ही एवढं म्हणताय तर येते.

पिशवी बघून सेक्रेटरीणबाई हरखून गेली. हे पान किती गोड आहे म्हणाली. त्यावरून तिने बोट फिरवलं, पण तिला काही म्हणजे काही आठवलं नाही. हॉलमध्ये ती पिशवी खांद्याला लावून मिरवत होती. मी दारात पिशव्यांचा खोका घेऊन उभी होते. बायका पिशव्या घेऊन आत जाऊन बसल्या. अल्पोपहाराला इडली-चटणी होती. त्याची मला कल्पना नव्हती, ते आपोआप जुळून आलं.

ताई उशिरा आल्या, बस मिळाली नव्हती. मी दिलेली पिशवी न बघताच त्यांनी काखेत धरली आणि मधल्या खुर्चीवर बसल्या. सेक्रेटरीणबाई कुंकू लावायला वाकली तशी तिच्या खांद्यावरची पिशवी घसरून ताईंच्या तोंडासमोर आली. ताईंनी ते पान चिमटीत धरलं आणि सोडेचनात.

'छान आहे ना?' सेक्रेटरीणबाई म्हणाली. 'डिझाइन आहे.'

'डिझाइन नाही, वहिनी,' ताई म्हणाल्या. 'इथं माझ्याकडून इस्त्री टेकून राहिली होती.'

तेव्हा त्या बाईने आपल्या सासूची साडी पहिल्यांदा नीट पाहिली. तिचा चेहरा पांढरा पडला. पण हुशारी अशी, की पुढच्या श्वासाला म्हणाली, 'हो ना ताई! मुद्दामच शिवून घेतली आईंच्या साडीची. आज त्या आपल्यात हव्यात ना, म्हणून.' ताईंचा चेहरा मऊ झाला. मला वाटलं, सुटली ही. या वेळीही सुटली.

पण ताईंच्या शेजारी बसलेल्या बाईने आपली पिशवी उलटीसुलटी करून पाहिली. 'म्हणजे हा खिसा पण त्यांच्याच साडीचा?' सगळ्या हॉलमध्ये पिशव्या फिरल्या. सगळ्यांवर जांभळा खिसा होता. एक जण उभीच राहिली. 'अहो वहिनी, गेलेल्या बाईची साडी वाणात देतं का कुणी? सुवासिनींना?'

'छे छे, ते मला कुठे माहीत होतं? हे सगळं हिने...' तिने माझ्याकडे हात केला.

'मुद्दाम शिवून घेतली म्हणालीस ना आत्ता?' ताई म्हणाल्या.

हो म्हणावं तर आख्ख्या सोसायटीतल्या सुवासिनींना तिने जाणूनबुजून गेलेल्या बाईचं वाण दिलेलं. नाही म्हणावं तर साडी माझ्याकडे आली कशी? एवढी अडकेल, असं मीसुद्धा योजलं नव्हतं. ताई माझ्याकडे वळल्या. 'तुम्हीच सांगा. ही साडी तुम्हाला हिनं दिली?'

'नाही,' मी दारातूनच म्हणाले. 'बोहारणीने दिली. चौथ्या मजल्यावरून इडलीपात्रावर घेतली म्हणाली.'

पुढच्या रांगेतल्या एकीने हातातली बशी हळूच खुर्चीखाली ठेवली. मला इतका आनंद झाला, की मी खोका छातीशी घट्ट धरला. ती बाई सगळ्यांच्या मधोमध उभी होती आणि कुठे जावं ते तिला कळत नव्हतं. तिच्याकडे बघायला कुणी तयार नव्हतं. मी मात्र डोळे भरून बघितलं. ताईंनी तिच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली, आतला करंडा आणि तिळगुळाचा डबा टेबलावर ठेवला आणि चपला घालून निघून गेल्या.

त्यानंतर काही दिवस माझ्या दाराच्या कडीला सकाळी पिशव्या अडकवलेल्या सापडायच्या. हाक न मारता परत केलेल्या. मेलेल्या बाईचं वाण वाटणारी म्हणून माझ्याही नावाने बोटं मोडली गेली, ते मी धरूनच चालले होते. सोसायटीची ऑर्डर गेली. पुढच्या वर्षी त्यांनी प्लास्टिकचे डबे वाटले. पण सेक्रेटरीणबाई हे नाव मात्र बिल्डिंगमधून साफ गेलं. आता तिला मागे सगळे इडलीपात्र म्हणतात, आणि ते मी ठेवलेलं नाही.

ताई दोन-तीन दिवसांनी माझ्याकडे आल्या. परत आलेल्या सगळ्या पिशव्यांचे खिसे मी उसवून ठेवले होते, ते पुढ्यात ठेवले. त्यांनी ते एकावर एक रचले, सारखे केले आणि विचारलं, 'तुम्ही ओळखली होतीत ना?'

'हो.'

'मग मला अख्खी का नाही आणून दिलीत?'

उत्तर माझ्याकडे होतं, पण ते ऐकायला चांगलं नव्हतं. तरी मी दिलं. 'अख्खी दिली असती तर तुम्ही वहिनीला माफ केलं असतंत.'

ताईंनी सगळ्यात वरचा खिसा उलटा करून पाहिला. मला वाटलं, आता माझ्यावर उखडणार, आणि उखडल्या असत्या तर मला काही म्हणता आलं नसतं. शेवटी त्यांनी खिशांची चळत पर्समध्ये टाकली आणि ती मोठी पिशवी खांद्याला लावली. 'केलं असतं,' त्या म्हणाल्या. 'आता नाही करणार.'

आणि खरंच केलं नाही. भांडल्या नाहीत, येणं-जाणं तोडलं नाही. महिन्यातून एका रविवारी त्या भावाकडे येतात. ती जांभळी पिशवी भरून आणतात, कधी नारळ, कधी तांदळाचं पीठ, कधी आंबे, आणि पिशवी तिथेच ठेवून जातात, ती पुढच्या खेपेला परत नेतात. आपल्यात माणसाची पिशवी रिकामी परत करत नाहीत. सेक्रेटरी इतर बाबतींत बायकोपुढे गप्प असतो, पण याला चुकत नाही. 'ताईची पिशवी मोकळी पाठवायची नाही हं,' असं सांगतो. मग त्या बाईला पुढच्या महिन्यापर्यंत सासूची साडी घरात टांगून ठेवावी लागते, तिच्यात स्वतःच्या हाताने काहीतरी भरावं लागतं आणि हसतमुखाने नणंदेच्या हातात द्यावं लागतं. ताई जाता-येता खिडकीशी थांबतात आणि आज काय मिळालं ते मला दाखवतात. हे सगळं मला माझ्या मशीनवर बसून दिसतं आणि मला ते फार आवडतं.

गेल्या महिन्यात ती बाई त्या हळदीकुंकवानंतर पहिल्यांदाच माझ्या दारात आली. दुपार होती. तिच्या हातात ती पिशवी होती, एक पट्टा तुटून लोंबत होता. ताई अलीकडे नारळ जरा जास्तच भरतात.

मी तिला स्टुलावर बसायला सांगितलं, पाणी दिलं. पिशवी उलटी करून खिडकीच्या उजेडात धरली. पट्टा नुसता तुटला नव्हता, त्याच्याबरोबर पदराचं कापडही फाटलं होतं. जुनं सुती कापड, किती वर्षं नेसलेलं. धागा बोटाने सरकत होता. दुसऱ्या कुणी आणली असती, तर मी सांगितलं असतं, की आता हिच्यात काही राहिलं नाही.

'रविवारी ताई येतायत,' ती म्हणाली.

'हं.'

'कापड विरलंय ना पार?'

'विरलंय.'

तिने पाण्याचा पेला खाली ठेवला. तिचे केस आता काळे करायचे राहून गेले होते. 'तुम्ही सांगाल का त्यांना?' ती हळू आवाजात म्हणाली. 'की आता शिवून होत नाही म्हणून. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील त्या. मी सांगून नाही ऐकणार. एवढं करा माझ्यासाठी.' आणि तिने हात जोडले. खरोखरचे जोडले, दाखवायला बघणारं कुणी नव्हतं.

मला तिची दया आली. आली नाही असं म्हणणार नाही. ती थकलेली दिसत होती, आणि मी एक शब्द बोलले असते तर ती सुटली असती. खोटंही बोलावं लागलं नसतं.

'होईल,' मी म्हणाले. 'आतून जाड कॅनव्हास घालते. तुम्हाला पुरून उरेल.'

आणि मी मशीनला जांभळा दोरा लावला.